बाई पाण्यात असताना

श्रावण लागला की चौसाळ्यातल्या विठ्ठलाच्या देवळात, ओसरीवर दुपारची पोथी बसायची, आणि पोथी सुंदरबाईनंच वाचायची. गावच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, सगळं उर्दू. मराठी अक्षर ज्याला मिळालं त्याला घरीच मिळालं. सुंदरबाईचे वडील कीर्तनकार होते. तिला अक्षर त्यांच्याकडून आलं आणि गळाही त्यांच्याकडून आला. नवरा तरुणपणीच गेला, पोटी काही नाही. पण श्रावणात रोज दुपारी तिच्यापुढं बायका दाटीनं बसत, आणि सगळ्यांच्या पुढं, चौरंगाला गुडघा टेकवून, छबुबाई बसे.

छबुबाई तिची परकरातली मैत्रीण. दोघी एका गल्लीत वाढल्या आणि एकाच गल्लीत दिल्या गेल्या. छबुबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण देवाचं लग्न लागलं की पहिल्या अक्षता तिच्या, आणि देव वनाला निघाला की पहिला हुंदकाही तिचाच. सुंदरबाई शेकडो ओव्या वाचायची त्या सगळ्या बायकांसाठी. पण एखादी ओवी खास गोड लागली की मान वर करून बघायची ती छबुबाईकडंच.

त्या वर्षी ओसरी पातळ होऊ लागली. आधी देशमुखांच्या आळीतल्या बायका आटल्या, मग सोनारांच्या. सुंदरबाई मनात म्हणाली, जाऊ देत, खुरपणीची कामं असतील. मग एके दिवशी छबुबाईनं निरोप धाडला, कंबर धरलीय. दुसऱ्या दिवशीही कंबर. तिसऱ्या दिवशी सुंदरबाईनं शेकासाठी ओवा बांधून ठेवला.

त्याच दुपारी मदिनाबी बागवानीण पेरूची पाटी घेऊन ओसरीच्या पायरीशी टेकली. पोथी ऐकायला ती नेहमीच अशी पायरीवर बसायची.

"आज कुणीच न्हाई का गं सुंदरबाई?"

"छबीची कंबर धरलीय."

"कंबर?" मदिनाबीनं पाटी खाली ठेवली. "या अल्ला! आत्ता तर देशमुखाच्या सोप्यात बसलेली बघून आले. पेरू घे म्हणलं तर म्हणती कशी, गप बस मदिने, त्याची चिठ्ठी आलीय."

"कुणाची चिठ्ठी?"

"किताबातल्या नवऱ्याची! नवी सून वाचती, ह्या सगळ्या ऐकत्यात."

मोहनराव देशमुखांची नवी सून गीताबाई नगरकडची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. तिच्या ट्रंकेत म्हणे लुगड्यांपेक्षा पुस्तकं जास्त निघाली होती. राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर करोडगिरीच्या शिपायानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि ह्यावर जकात कशी लावायची हे न कळून तशीच सोडली. सुंदरबाईला ही गोष्ट ठाऊक होती. ती हसलीही होती तेव्हा.

आता तिला हसू आलं नाही. बाकीच्या गेल्या त्याचं काही नाही. पण छबीनं जावं? आणि कंबरेचं खोटं सांगून? आणि तेही कुणाच्या तरी चिठ्ठीसाठी?

तिनं अध्याय पुरा केला. मदिनाबी आणि विठ्ठल, दोघांसाठी वाचला. पोथी फडक्यात बांधली आणि ओव्याची पुरचुंडी घेऊन ती थेट देशमुखांकडं निघाली.

सोप्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मधोमध गीताबाई पाटावर बसलेली, सतरा-अठराची, मोठे डोळे, हातात जाड पुस्तक. तिच्या पाटाला गुडघा टेकवून छबुबाई बसली होती.

"या काकू, या," गीताबाई उठून उभी राहिली.

छबुबाई दचकली. "सुंदरे! कंबर जरा उतरली बघ माझी."

"दिसतंय की. उतरून देशमुखाच्या घरापस्तोर आलीय." सुंदरबाईनं पुरचुंडी तिच्या मांडीत टाकली. "हा ओवा. शेकून लाव."

बायका फिदीफिदी हसल्या. सरस्वतीबाई सोनारीण म्हणाली, "बसा ना सुंदरबाई. दोन कादंबऱ्या झाल्या, ही तिसरी. तुमी न्हाई ऐकलं तर काय ऐकलं!"

"काय व्हतं त्या दोन्हीत?"

सगळ्या एकदम बोलू लागल्या. पहिलीत म्हणे एका तरुणानं घाटावर एक मुलगी पाहिली आणि तो आजारीच पडला. दुसरीत दोघांचं जमलं होतं, पण मुलीच्या चुलत्यानं खोटी बातमी उठवली, आणि मग तो देशोधडीला लागला आणि ती खिडकीत बसून राहिली.

"आजारी पडला?" सुंदरबाई म्हणाली. "नुसतं बघून? सोयरीक मागायला माणूस न्हवतं का घरात?"

"तेच मी म्हणलं!" छबुबाई जोरात म्हणाली. "मेल्याला फेटा बांधायला येतो, पण तोंड उघडायला येत न्हाई. शंभर पानं नुसता उसासे टाकतोय."

"पण उसासे लई छान टाकतो हो," सरस्वतीबाई हळूच म्हणाली, आणि दोघीतिघींनी माना डोलावल्या.

"आन् ती खिडकीतली?" सुंदरबाई थांबेना. "दिसभर खिडकीत बसल्यावर भाकऱ्या कोण थापतं? पाणी कोण आणतं? ना मंगलाचरण, ना नमन, एकदम घाटावरच सुरू! कीर्तनात बुवा आधी अभंग घेतो, तो फोडून सांगतो, मन तयार करतो, आन् मग आख्यान लावतो. हितं मन तयार कुणी करायचं?"

"आमची मनं तयारच हायत," छबुबाई म्हणाली. "वाच गं पोरी."

गीताबाई वाचू लागली. सुंदरबाईनं कान दिला तो चुका काढायलाच. मुलगी भरभर वाचत होती, जिथं थांबायला हवं तिथं थांबत नव्हती. पण आवाज असा की जणू आत्ताच उसाचा रस प्यालीय. आणि छबी? तोंड उघडं टाकून ऐकत होती. मध्येच गीताबाईला ठसका लागला, तेव्हा छबुबाईनं कनवटीची खडीसाखर काढून तिच्या तळहातावर ठेवली. आजवर ती कनवटी एकाच गळ्यासाठी सुटत आली होती. सुंदरबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

पुस्तकातली बाई तोवर नवऱ्याच्या बोलण्याला कंटाळून भरल्या नदीच्या काठावर आली होती. पाय घसरला. पाण्यानं तिला ओढून घेतलं. गीताबाईनं पुस्तक मिटलं.

"झालं प्रकरण. आता उद्या."

"उद्या?" छबुबाई गुडघ्यावर उभी राहिली. "अगं, बाई पाण्यात हाय आन् तू पुस्तक मिटतीस?"

"प्रकरण तिथंच संपतं छबुकाकू."

"संपू दे. आमच्यात असं उठत न्हाईत."

ते खरंच होतं. चौसाळ्यात पोथी वाचताना देव संकटात असला की फडकं बांधायचं नाही. संकट टळल्याची ओवी आल्याशिवाय बायका उठायच्या नाहीत, नाहीतर अर्ध्यात सोडलेलं दुखणं ऐकणारणीच्या घरी मुक्कामाला येतं. पोथीत ते निभावून जायचं, कारण पोथी लिहिणारानं प्रत्येक अध्याय देवाच्या पायाशी आणून सोडलेला. कादंबरी लिहिणारानं मात्र प्रत्येक प्रकरण कड्यावर नेऊन सोडलेलं. मागच्या दोन्ही पुस्तकांच्या वेळी बायकांनी असंच धरून ठेवलं होतं, आणि म्हणूनच गीताबाईचा घसा आता बसत चालला होता.

ती पुढचं प्रकरण वाचू लागली. त्यात नवरा शहरात मित्राबरोबर बागेत फिरत होता. फुलांचं वर्णन झालं, चांदण्याचं झालं, मित्राच्या बहिणीचं झालं.

"बाई पाण्यात आन् हा फुलं बघतोय?" सरस्वतीबाई ओरडली. "मघाशी उसासे टाकणारे बरे म्हणायचे!"

"ती कुठंय, ती?" छबुबाई विचारत होती.

गीताबाईचा आवाज चिरकला आणि मग फुटेचना. ओठ हलत होते, नुसती हवा येत होती. बाहेर दिवेलागण झाली होती. छबुबाईचा नवरा बंकट दारात उभा राहून म्हणाला, "आज भाकरी मिळंल का, का मीबी नदीत उडी टाकू?" आणि त्याच्या मागून मोहनरावांचा जड आवाज आला, "सूनबाई, पुरे आता. गावाच्या चुली थंड पडल्या. आज बायका अशाच अडकून बसणार असतील तर उद्यापासून हे पुस्तक घरात नको."

सुंदरबाईच्या ध्यानात आलं की आता काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं. पुस्तक आपोआप ट्रंकेत जाईल, बायका ओसरीवर येतील, आणि छबी पुन्हा चौरंगाजवळ.

छबुबाईनं तिचा हात धरला.

"सुंदरे, तुला येतं. तू वाच. हिला काठाला लाव."

"मी? ह्या असल्या पुस्तकातलं?"

"माझी लेक सखू उमापूरला हाय. दिवस भरलेत. मी अशी बाई पाण्यात सोडून घरी जाऊ? सांग तूच."

छबीचे डोळे खरेच भ्यालेले होते. सुंदरबाईनं गीताबाईच्या हातातून पुस्तक घेतलं, समई जवळ ओढली आणि वडील कीर्तनाला उभे राहत तशी पाठ ताठ करून वाचू लागली. तिनं घाई केली नाही. नदी आली की आवाज खाली नेला, बाईचं नाव आलं की ओवीसारखं लांबवलं. मध्येच पुस्तक मांडीवर टेकवून म्हणाली, "बघा, माणूस रागात घरातून निघतं तवा त्याला वाटतं आपण दुसऱ्याला शिक्षा देतोय." बायकांनी माना हलवल्या. दारातला बंकटही उंबऱ्यावर बसला.

पान उलटलं आणि तिला पुढची ओळ दिसली. पहाटे कोळ्यांच्या जाळ्याला काही जड लागलं. ते वर ओढलं. तिचे हात गार होते.

सुंदरबाई थांबली. श्वास घेतला. आणि त्याच आवाजात, त्याच ठेक्यात म्हणाली, "पहाटे कोळ्यांच्या जाळ्याला काही जड लागलं. त्यांनी वर ओढलं. तिनं डोळे उघडले. म्हातारा कोळी म्हणाला, भिऊ नकोस लेकी, विठ्ठलानं तुला आमच्या ओंजळीत टाकलंय. आणि ती काठाला लागली." तिनं पुस्तक मिटलं. "बोला, पुंडलिक वरदे..."

"हाऽरी विठ्ठल!" सगळा सोपा गरजला. छबुबाई ढसाढसा रडत होती. मोहनराव दारातून म्हणाले, "हां, हे बरं झालं," आणि निघून गेले.

बायका लगबगीनं उठल्या. गीताबाईनं सुंदरबाईला खांबाआड ओढलं आणि फाटक्या आवाजात कुजबुजली, "काकू, पुस्तकात तर ती..."

"ठाऊक हाय. मला वाचता येतं."

"मी आधी वाचलंय सगळं. अजून निम्मं पुस्तक उरलंय."

"बाई मेल्यावर निम्म्या पुस्तकात काय करतो तो?"

"झुरतो."

"वा रे वा! जिती व्हती तवा बागेत फिरत व्हता, आन् मेल्यावर झुरतोय. असल्या झुरण्याला चुलीत घाल."

गीताबाईला हसू आलं, लगेच डोळे भरले. "आता उद्या मी काय वाचू? खरं वाचलं तर ह्या सगळ्या मलाच बोल लावतील."

लावलेच असते बोल. सुंदरबाईला ते पक्कं माहीत होतं. एकदा गावानं गीताबाईला पांढऱ्या पायाची म्हटलं की मग ओसरीवाचून बायकांना जागा नव्हती. क्षणभर तो विचार तिनं जिभेवर खडीसाखरेचा खडा धरावा तसा धरला. समोर ती पोर उभी होती, माहेर नाक्यापलीकडं, घसा बसलेला.

"पोथी झाली की पुस्तक घेऊन ओसरीवर यायचं," सुंदरबाई म्हणाली. "तू वाच जिथवर धड हाय तिथवर. पुढचं मी तोंडानं सांगीन. काठाला मी लावलीय, संसारबी मीच मांडीन तिचा. आन् ऐक, खडीसाखर तुझी तू आण. छबीकडून घ्यायची न्हाई."

वाटेनं बंकट पुढं आणि दोघी मागं चालल्या होत्या. छबुबाईनं ओव्याची पुरचुंडी कनवटीला खोचली. मग म्हणाली, "सुंदरे, ती बाई मेलीय ना पुस्तकात?"

"कोण म्हणतं?"

"वाचताना तुझी नजर ओळीवर असती. कोळी बोलायला लागला तवा तू माझ्याकडं बघत व्हतीस."

सुंदरबाईनं पदर पुढं ओढला. अंधारात बरं होतं.

"सखूसाठी केलंस," छबुबाई म्हणाली.

"तुझ्या कंबरेसाठी केलं."

"मेली कंबर! लई लागलं का गं तुला?"

"मला कशापायी लागंल?" सुंदरबाई पाच-सहा पावलं चालली. "तेवढं सांग, ती चांगलं वाचती का मी?"

छबुबाईनं खरंच विचार केला. "ती लई गोड वाचती," ती म्हणाली. सुंदरबाई जागीच उभी राहिली. "पण तिच्या हाती मी माझी सखू न्हाई द्यायची. ती पानावर असंल तेच वाचंल. उद्या येते बघ, पोथीच्या आधी येते." आणि बंकटनं दुसऱ्यांदा हाक मारली तशी ती पळाली.

सुंदरबाई घरी आली. देवापुढं निरांजन लावलं, हात जोडून सखूसाठी मागणं मागितलं, माळ घेऊन बसली. छबी उद्या येणार होती. मन निवायला हवं होतं. चार मणी सरले की "लई गोड" पुन्हा कानात वाजायचं. शेवटी तिनं माळ खाली ठेवली, पोथीचं फडकं सोडलं, उद्याचा अध्याय काढला, आणि पहिली ओवी जराशी गोड करून म्हणून पाहिली.