तळ कुठे आहे

"एक मीटर चाळीस. तळ लागला," आइमो म्हणाला आणि लोखंडी सळीवरचा हात काढून त्याने घाईघाईने खिशात घातला.

एरवी रायली आकडा वहीत लिहून मोकळी व्हायची. आज तिने पेन्सिल कागदाला टेकवलीच नाही.

बावीस वर्षं ही दोघं उत्तरेकडच्या काइनू प्रांतातल्या दलदली मोजत होती. सळी खुपसायची ती आइमोनेच. हजारो वर्षं न कुजता साचलेलं शेवाळ, म्हणजे पीट, कुठवर खोल आहे ते त्याच्या तळव्यांना कळायचं. वाळू लागली तर करकरते, चिकणमाती धरून ठेवते, गाडलेलं खोड हलकेच उसळी मारतं. आइमोचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं कचेरीत म्हणत.

पण गेल्या वर्षापासून त्या हातांना कशाचाच पत्ता लागत नव्हता. थंडीने म्हणा, वयाने म्हणा, बोटं बधिर झाली होती. सांगावं तर घरी बसावं लागणार, म्हणून गडी गप्प. सळी अडली की तळ, असा सगळा अंदाजपंचे कारभार. आज ना उद्या बिंग फुटणार, या धास्तीने त्याला घास गोड लागत नव्हता.

"जरा दे बघू इकडे," रायली म्हणाली.

आइमो सळीच्या आड उभा राहिला. "कशाला? डास फोडून खातायत. चल पुढच्या खुणेवर."

ती ऐकणारी बाई नव्हे. तिने सळी उपसली, वीतभर बाजूला रोवली आणि अंगाचा भार टाकला. सळी जातच राहिली. वर आणखी दोन तुकडे जोडावे लागले. थांबली ती तीन मीटर साठला.

"मघाशी खोड होतं," एवढंच ती बोलली.

आइमोला हाउकीसुओ आठवली. गेल्या उन्हाळ्यात त्या दलदलीत त्याने दोनशे चौदा ठिकाणी सळी घातली होती. त्याच्या आकड्यांवरून ती उथळ ठरली, पोटात कार्बन फारसा नाही म्हणून राखीव यादीतून वगळली गेली. येत्या हिवाळ्यात तिथे पाणी काढून टाकायला चर खणणार होते. पाणी उतरलं की सगळं कुजून हवेत जाणार. गेलेलं परत आणायला पुन्हा हजारो वर्षं. हे तर तोच लोकांना समजावत आला होता! रायली काही विचारीना. विचारलं असतं तर एखादी थाप तरी मारता आली असती.

"मला कळत नाही गं आता," तो शेवटी म्हणाला. "हातात काही राहिलंच नाही. हाउकीसुओचंही खरं नाही."

"मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. चुकलंच माझं."

चर पडायच्या आत सगळं पुन्हा मोजायला हवं, उद्याच कचेरीत सांगतो, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "मला ठेवतील?"

"मोजायला नाही ठेवणार," रायली म्हणाली.

आइमोने वही मागून घेतली. पेन्सिल मुठीत आवळून त्याने तीन मीटर साठ लिहिलं. शेजारी मोजणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. त्यात, अक्षर वेडंवाकडं होऊ नये म्हणून जपत, त्याने लिहिलं: रायली मोइलानेन.