शाबूत काठाची गोळी

सरावाच्या खोट्या, डमी गोळ्यांचा रंग उडायला लागला, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

नवरा पैशांच्या व्हॅनवर रक्षक. नेमबाजीची परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून घरी सराव चालायचा. पिस्तुलात डमी भरायच्या, चाप ओढायचा, टक्, पिस्तुलाची वरची स्लाइड मागे खेचून ती डमी उडवायची, की पुढची आत. असं आत-बाहेर करून करून धातूवरचा लाल रंग पार निघून गेला होता, आणि पिस्तुलातल्या आकड्यानं ओढून ओढून सगळ्यांच्या बुडाचे काठ उंदरानं कुरतडल्यासारखे झाले होते.

"आता खरी कुठली, खोटी कुठली, कसं कळायचं रे?"

"खऱ्या गोळ्या नेमबाजीच्या रेंजवर, कपाटात असतात, बाईसाहेब. घरात फक्त खोट्या."

तरी तिनं आपली लाल नेलपॉलिश काढली आणि डब्यातली एकूण एक गोळी रंगवली. कपडे धुवायला टाकताना त्याच्या पँटच्या खिशात एक सापडली होती, तीसुद्धा. रंग नाही म्हणजे झिजलेलीच, असं धरून.

आज तो कॅलेंडरवर नेम धरून उभा होता. भिंतीपलीकडे पाळण्यात लेक झोपलेली.

"तोंड दुसरीकडे कर ना."

"खिडकीकडे करू? समोरच्या आजी जागच्या जागी जातील."

टक्. गोळी उडून सतरंजीवर पडली. टक्. आणखी एक. ती दारात बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"नव्या आणायला हव्यात," तो स्लाइड खेचत म्हणाला. "सगळ्यांचे काठ गेले. एक मात्र बघ, मघाशी भरताना दिसली, काठ अगदी शाबूत. पार्लरमधून आल्यासारखी!"

तिचा हात दुपट्यावरच थांबला. सगळ्या एकाच पिस्तुलातून गेलेल्या. मग एकच शाबूत कशी राहील?

खिसा.

ओरडावं, तर तो दचकेल. बोट चापावर होतं. लेकीला थोपटताना काढते तसा आवाज तिनं काढला.

"अरे, बोट बाहेर काढ. हळू. ती काठवाली मला तुझ्या पँटच्या खिशात सापडली होती."

"खिशात कशी..." तो बोलता बोलता थांबला. परवा रेंजवर एक गोळी अडकली होती. काढून खिशात टाकली होती, परत द्यायची राहून गेली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बोट बाहेर आलं. पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे वळलं. मॅगझिन निघालं. त्यानं स्लाइड खेचली तशी आतली गोळी टपकली आणि गडगडत तिच्या पायाशी आली.

लालभडक. काठ गुळगुळीत. बाकीच्यांच्या बुडावर चाप ओढून ओढून पडलेला ठोक्याचा खळगा हिच्यावर नाही.

दोघांनीही तिला हात लावला नाही. पिस्तूल सतरंजीवर उघडं, रिकामं पडलं होतं. तरी ती उठली, आत गेली आणि पाळणा त्या भिंतीपासून ओढायला लागली. एकटीला तो जागचा हलेना. नवरा मागून आला आणि त्यानं दुसरी बाजू उचलली.