फ्रूख म्हणजे नुसतं झुडूप नव्हे

मी एक जुना शब्द आहे. मित्रांनो, माझं नाव फ्रूख. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर, गेलिक बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी मी राहतो. माळावर गुडघाभर वाढणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या काटक झुडपाला ते फ्रूख म्हणतात, आणि माणसाच्या संतापालाही फ्रूखच. झुडपाच्या ताठ काड्या पाहून कुणाला संताप आठवला की काय, ते मलाही ठाऊक नाही. माझा एक ग्रीक भाऊबंद वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ‘एरिका’ होऊन बसला आहे. मी मात्र चिखलातच राहिलो, आणि त्याची मला लाज नाही.

माझ्या झुडपाचे दोर वळून लोकांनी छपरं बांधली, झाडू केले, त्याच्या गादीवर झोपले. मग जमीनदाराने शिकारीच्या हरणांसाठी सगळा माळ कुंपणात घातला. एक काडीही उपटायची नाही, असा हुकूम निघाला.

त्या हिवाळ्यात ओइरिक नावाच्या विधवेचं छप्पर वादळाने उडालं. ती भरदिवसा कुंपण ओलांडून गेली आणि दोन भारे घेऊन आली. तिला कोर्टात उभं केलं. न्यायाधीशांना गेलिक येत नव्हतं. दुभाष्या होता तिच्याच गावचा मर्डो, जमीनदाराचा नोकर.

माळावर तुझं काय आहे, असं न्यायाधीशांनी विचारलं.

“माळावर फ्रूख आहे साहेब,” ओइरिक म्हणाली, “आणि आमच्यातही आहे.”

मर्डोने मान खाली घालून इंग्रजीत सांगितलं, की माळावर झुडपं आहेत आणि बाईच्या घरातही आहेत. न्यायाधीश हसले आणि चोरी कबूल झाल्याचं लिहू लागले. ओइरिकला तोडकंमोडकं इंग्रजी कळत होतं.

“मर्डो, तुझ्या आईने हा शब्द तुला अर्धाच शिकवला होता का रे?” तिने शांतपणे विचारलं. “मग अर्धाच का सांगतोस?”

मर्डोने मान वर केली आणि म्हणाला, “साहेब, मी चुकीचं सांगितलं. बाई म्हणते, आमच्यात संताप आहे. आणि तो माझ्यातही आहे.”

ओइरिकला दहा दिवसांची कैद झाली. मर्डोची नोकरी गेली. ती सुटून आली तेव्हा तिच्या घरावर नवं छप्पर होतं. गावातल्या साऱ्या बायका कुंपण ओलांडून भारे घेऊन आल्या होत्या, आणि मर्डो शिडीवर उभा राहून शेवटचा दोर आवळत होता.

आता मला बोलणारे थोडे उरले आहेत. प्रवासी माझी फुलं छापलेले रुमाल विकत घेतात आणि किती गोड शब्द, म्हणतात. मित्रांनो, मी गोड नाही. माझी कीव करू नका, मला काचेच्या कपाटातही ठेवू नका. तुमच्याही भाषेत माझ्यासारखे खरखरीत शब्द असतील. त्यांना गुळगुळीत करू नका. प्रेमाने बोलता तसं भांडतानाही त्यांना तोंडात घ्या. ते टोचतील, पण जगतील.