तलावात उतरलेली डबी

मित्रांनो, मी काडेपेटीएवढी धातूची डबी आहे, आणि आता जराशी जुनीही झाले आहे. सानगडीजवळच्या गावात ज्योत्सना राहते आणि तिच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, मी राहते. माझ्यापासून दोन बारीक तारा मानेतून वर थेट तिच्या मेंदूत गेल्या आहेत. त्यांतून मी अगदी हलकी वीज सोडते. काम एवढंच, पण ते सोपं समजू नका हं.

ज्योत्सनाला मिरगीचे झटके यायचे. औषधं बदलून बदलून घरचे थकले. घर मासेमारांचं. सगळे तलावात उतरून मोठं जाळं ओढत आणि ही काठावर बसून मासे निवडी. पाण्यात झटका आला तर? त्या धाकानं तिला पाण्यात उतरणं बंद होतं. तिला मात्र एकच ध्यास, सगळ्यांसोबत जाळ्याचा दोर धरायचा.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला बसवलं, तरी झटके येतच राहिले. "कायची डबी बसवली, देव जाणे," तिची आई बायाबाई म्हणायची. मला फार लागायचं ते. अहो, मेंदू आहे तो, त्याची समजूत एका दिवसात पटते होय? डॉक्टर प्रत्येक खेपेला माझी वीज बेताबेतानं वाढवत गेले. तिनं गोळी चुकवली नाही, मी काम चुकवलं नाही. झटके विरळ झाले, मग वर्षभर एकही आला नाही. डॉक्टर म्हणाले, सोबतीनं गुडघाभर पाण्यात खुशाल उतर.

पण गावात भलतंच आडवं आलं. काही चोरटे तलावात करंट सोडून मासे मारतात, हे इथं पोराटोरांना ठाऊक. जाळं ओढायच्या दिवशी गावातले जाणते मासेमार, म्हातारे सोमाजी दोर धरून तिची वाट अडवून उभे राहिले.

"पोरीच्या अंगात करंट आहे. ते उतरली त साऱ्या मासोऱ्या मरतीन."

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला तोंड असतं तर चांगलं सुनावलं असतं.

ज्योत्सना शांतपणे म्हणाली, "बाबाजी, मले उतरू द्या. एक मासोरी मेली, त पुन्हा पाय नाही टाकणार."

बायाबाईनं तिचा हात घट्ट धरला होता. तो तिनं सोडला. ज्योत्सना गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. सगळ्यांचे डोळे पाण्यावर. एकही मासा उलटा होईना. उलट बारीक पिल्लं जमली आणि तिच्या पायांना टोचू लागली.

"गुदगुल्या करून राहिल्या," म्हणत ती हसत सुटली.

सोमाजी काठावर वाकून पाणी निरखू लागले. मग पाण्यात उतरले आणि दोराचं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं. त्या दिवशी जाळं ओढताना तिची छाती अशी धडधडत होती, की मी आतल्या आत नाचत होते. जिंकलो आम्ही!

मित्रांनो, कुणाला झटका आला तर चप्पल हुंगवू नका, तोंडात काही कोंबू नका. त्याला कुशीवर वळवा, जवळ बसा. झटका लांबला तर दवाखाना गाठा. आणि तो सावरला, की त्याला जन्मभर काठावर बसवून ठेवू नका. दोर त्याच्याही हातात द्या.