ब्लूबेरीची धिरडी

"अहो, तवा तापला नाय अजून, वतू नका!" कुशावर्ताबाई दारातूनच ओरडल्या.

"तू मधी बोलू नको. व्हिडिओत असंच हाये," राजकुमार म्हणाले आणि डावभर पीठ त्यांनी तव्यावर ओतलं.

पीठ कसलं, राखाडी चिखल! मिक्सरमधून काढलेले ओट्स, त्यात ज्वारीचं पीठ आणि वर त्या ब्लूबेऱ्या, बर्फातून काढून तशाच टाकलेल्या. दिसायला जांभळाची रोडावलेली पिल्लं. पण काल मॉलमधून डबी आणताना थाट असा, की जणू लेकीचं स्थळ ठरवून आलेत.

बांधकाम खात्यात जन्मभर खुर्ची उबवून हा गृहस्थ निवृत्त झाला. घरात पाण्याचा तांब्या कधी स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी रक्तातली चरबी वाढल्याचं सांगितलं आणि साहेब एकदम बल्लवाचार्य झाले. रोज सकाळी हेल्दी नाश्ता! आज तर हर्सूल तलावावर सोबत फिरणाऱ्या दोघांना खायलाही बोलावलं होतं. त्या बिचाऱ्यांच्या पोटांनी काय पाप केलं होतं, देव जाणे.

स्वयंपाकघर हातचं गेल्याचं कुशावर्ताबाईंना दुःख नव्हतं. खुशाल करू दे. त्यांचा जीव दुसरीकडेच अडकला होता. फुलंब्रीहून लग्न होऊन आल्यापासून त्या दोन्ही वेळेला रांधत होत्या. अंगात ताप असताना रांधलं, बाळंतपणातून उठून रांधलं. या माणसानं ताटावरून उठताना एकदाही 'चांगलं झालं' म्हटलं नाही. मीठ कमी पडलं की मात्र जीभ बरोबर चालायची. एक शब्द, तेवढाच त्यांना हवा होता. या वयातही हवाच होता, आणि त्याचीच त्यांना चीड यायची.

पाहुणे आले. वहाबभाई राजकुमारांच्याच कचेरीतले. कडुबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दोघांपुढं बश्या आल्या. वहाबभाईंनी पहिला घास पाण्याबरोबर खाली ढकलला.

"क्या बात है, राजकुमारभाई! खुद के हाथ से बनाए!"

"वहिनी, नशीब काढलं तुम्ही," कडुबा म्हणाले. "असला नवरा दिवा घेऊन हुडकला तरी घावायचा नाय."

नवरोबा चक्क लाजले! मेल्याला लाज वाटावी अशी हजार कारणं होती, आणि लाजला तो कौतुकाला. कुशावर्ताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कडुबाभाऊ, माझा उभा जन्म ह्या ओट्यापुढं गेला. तुम्ही किती वेळा इथं जेवून गेले. एकदा तरी ह्यांना म्हणले का, की राजकुमार, नशीब काढलं तू?"

कडुबांनी धिरड्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

"भाभी, बात तो सही है," वहाबभाई हळूच म्हणाले.

"अगं, पाहुण्यांसमोर काय हे?" राजकुमार पुटपुटले.

"मंग कुणासमोर बोलू? तुमच्यासमोर बोलून बघितलं की लई वेळा."

पाहुण्यांना अचानक कामं आठवली. ते गेल्यावर राजकुमारांनी बश्या उचलल्या. धिरडी अर्धी तशीच होती, वरून करपलेली, आत कच्ची. त्यातला एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत उभे राहिले.

"तू रोज कसं करायची गं हे सगळं?" ते म्हणाले. "चांगलं व्हायचं तुझं. लई चांगलं व्हायचं."

आला! शब्द आला एकदाचा. कुशावर्ताबाई वाट बघत राहिल्या. आता डोळे भरून येतील, आता छातीतलं ओझं उतरेल. कशाचा काही पत्ता नाही. उलट संतापच आला. 'व्हायचं' म्हणे! तेव्हा जीभ झडली होती का याची? स्वतःच्या हातचं कच्चं पोटात गेलं तेव्हा याला आठवण झाली. आणि असल्या माणसाच्या असल्या एका शब्दासाठी आपण उभा जन्म झुरलो? नवऱ्यावरचा राग त्यांच्या सवयीचा होता; आज पहिल्यांदाच त्यांना स्वतःची कीव आली.

त्यांनी परात घेतली. पीठ मळलं, भाकरी थापली, टम्म फुगेपर्यंत शेकली. कांदा फोडला, ठेच्याचा गोळा ताटलीच्या कडेला ठेवला. भाकरीचा वास सुटला तसे राजकुमार हात धुऊन खुर्चीवर येऊन बसले.

कुशावर्ताबाईंनी ताटली स्वतःपुढं ओढली आणि त्यांच्या समोरच बसल्या. नवऱ्याच्या आधी त्या या घरात कधी जेवल्या नव्हत्या. त्यांनी सावकाश घास मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. राजकुमार ताटलीकडे बघत होते.

"पीठ डब्यात हाये," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास मोडला.