सासूबाई शाफ्टमध्ये शिरल्या तेव्हा

रविवारची प्रार्थना आटोपली आणि पाद्रीबाबांच्या आधी अख्खं गाव धक्क्यावर पोचलं. उत्तर अटलांटिकच्या काठावरच्या आमच्या हॅडक नेक गावाची वस्ती चारशे बारा. त्या दिवशी मी धक्क्यावर सहाशे माणसं मोजली. वजनाने धक्का वीतभर पाण्यात गेला आणि तळाशी बसलेले लॉबस्टर वर डोकावून एकमेकांना विचारू लागले, आज कोण गेलं? मी थापा मारतो हे गावाला ठाऊक आहे. पण या गोष्टीत सहाशेचा आकडा आणि लॉबस्टर एवढंच खोटं. बाकी सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सगळे बघत होते व्हर्ना हिमेलमनची शिडाची जुनी लाकडी बोट. बोट दोरांनी धक्क्याला घट्ट बांधलेली, इंजिन चालू, आणि पिछाडीच्या खालून, थेट पाण्यातून, कण्हणं ऐकू येत होतं. ऊंऽऽ ठक. ऊंऽऽ ठक.

"मार्थाच ती," बेकरीवाली विनी झिंक म्हणाली. "प्रार्थनेला बसली की अगदी अशीच कण्हायची. कंबर धरायची ना तिची."

मार्था म्हणजे व्हर्नाची सासू. जाऊन एकोणीस वर्षं झाली. व्हर्नाच्या नवऱ्याने बोटीला आईचं नाव दिलेलं. चाळीस वर्षं व्हर्नाने सासूला रंग दिला, सासूची शिडं शिवली, दर शरद ऋतूत सासूच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडले. गेल्या साली नवरा गेला. या वसंतात तिने जुनं नाव घासून काढलं आणि नवं रंगवलं: 'सुटले एकदाची'.

आमच्याकडे बोटीचं नाव असं बदलत नाहीत. आधी समुद्राला विचारायचं, त्याला रम पाजायची, बादलीवरसुद्धा जुनं नाव राहू द्यायचं नाही. व्हर्नाने समुद्राला विचारलं नाही आणि रम स्वतःच प्यायली. मग गावात कोणाची दाढ दुखली तरी ठपका त्या नावावर. आता तर बोटच कण्हत होती.

अशा वेळी मदतीला धावले कॅप्टन अलॉयशियस पाइक. कसले कॅप्टन, हे कोणी विचारलं नव्हतं. टोपी होती, तेवढं पुरलं. मे महिन्यात व्हर्नाच्या बोटीची डोलकाठीही यांनीच उभी करून दिली होती. आता पायघोळ कोट घालून ते पिछाडीला उभे होते. डोलकाठीच्या टोकापासून पिछाडीपर्यंत जी जाड तार ताणलेली असते, तिला पाठ टेकलेली. उजवा हात आकाशाकडे.

"हे उत्तर अटलांटिकच्या अतृप्त माउली," कॅप्टन गरजले, "बत्तीस दिशांच्या साक्षीने तुझा कोप दाखव."

कण्हणं वाढलं. बोटीवरच्या बशा थडथडल्या.

"आता शांत हो."

कण्हणं हळूहळू विरलं. गर्दीने टोप्या काढल्या.

"माउली म्हणते," कॅप्टन डोळे मिटून बोलले, "सुनेने पुन्हा पाऊल ठेवलं तर बोट बुडवीन. बोट एखाद्या पुण्यवान दर्यावर्दी पुरुषाच्या नावे करा."

"तसा पुरुष सापडायचा कुठे?" पोस्टमास्तर एनॉसने अगदी मनापासून विचारलं.

कॅप्टनांनी सुस्कारा सोडला. "माउलीने माझंच नाव घेतलं हो. मी तीनदा नको म्हणालो."

कागद तयारच होता. व्हर्नाच्या हातात पेन होतं. तिने आणि तिच्या बहिणीने वीस वर्षं ठरवलेलं, एकदा दोघींनीच केप ब्रेटन बेटाला वळसा घालून यायचं. यंदाच्या जुलैत निघणार होत्या. तिने पेन कागदाला टेकवलं.

"व्हर्ना, सही करू नकोस," मी म्हणालो.

"तू गप बस. तुझ्या काकाने देवमाशाला दाढी करायला शिकवलं म्हणून तूच सांगितलंस ना? तुझं ऐकू मी?"

जन्मभर थापा मारल्याची ही फळं. मी धावत यूला टॅनरकडे गेलो. यूला गावातली बोटींची इंजिनं दुरुस्त करते. ती खारवलेला हेरिंग मासा खात बसली होती.

"यूला, व्हर्नाची सासू शाफ्टमध्ये शिरलीय."

"किती आरपीएमला?" तिने विचारलं आणि उठली.

आम्ही पोचलो तोवर कॅप्टनांनी माउलीला पुन्हा कण्हायला लावलं होतं. बोटीवर येऊन यूलाने फळ्यांना कान लावला. मग गिअर काढला. इंजिन चालूच, पण कण्हणं बंद. गिअर टाकला, ऊंऽऽ ठक. काढला, गप्प.

"मार्थाला गिअर कळतो?" तिने विचारलं.

"हुशार बाई होती," कॅप्टन म्हणाले.

"सायकल येत नव्हती तिला," व्हर्ना म्हणाली. तिने पेनाचं टोपण लावलं.

"इंजिन दोन्ही वेळा चालूच आहे," यूला गर्दीकडे वळली. "गिअर टाकला की फिरतो तो पाण्यातल्या पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट. म्हणजे दुखणं शाफ्टला आहे, आत्म्याला नाही." गिअर तसाच ठेवून ती कॅप्टनांकडे बघत राहिली. कण्हणं चालू होतं. "कॅप्टन, हिला गप्प करा बघू. पण दोन्ही हात वर करून."

"विधीला एकच हात लागतो."

"दोन लावले तर माउली रागावेल?"

"करा की कॅप्टन," विनी म्हणाली. "आमच्यासाठी."

करतात काय? दोन्ही हात वर गेले आणि कोट फाकला. कॅप्टनांच्या पाठीमागे, त्या तारेवर, ताण कमीजास्त करायचं चाक होतं. उजवा तळवा गोरापान, डावा ग्रीसने काळाकुट्ट. त्यांनी बत्तीस दिशा दोनदा म्हटल्या. मार्था कण्हतच राहिली.

यूलाने चाक सहा फेरे सैल केलं. ऊंऽऽ, ऊं, आणि गप्प.

मग तिने इंजिन बंद केलं, फळ्या उचलल्या आणि पोस्टमास्तरला खाली उतरवलं. इंजिन आणि शाफ्ट जिथे जोडले जातात तिथे दोन लोखंडी चकत्या तोंडाला तोंड लावून असतात. यूलाने त्यांचे बोल्ट काढले, एनॉसच्या हातात पातळ पोलादी पट्टी दिली आणि चाक पुन्हा आवळलं.

"चकत्यांच्या खालच्या बाजूला जाते?"

"सहज जाते."

तिने चाक सोडलं. "आता?"

"आता नाही जात," एनॉस ओरडला. "कुठूनच जात नाही."

"तार ओढली की लाकडी बोट धनुष्यासारखी वाकते," यूला म्हणाली. "बोट वाकली की इंजिन एकीकडे, शाफ्ट दुसरीकडे. शाफ्ट ज्या रबरी नळीत फिरतो, त्या बुशवर घासतो आणि कण्हतो. सासू नको, चाक पुरे."

सगळ्यांनी रांग लावून ती पट्टी घालून पाहिली. पाद्रीबाबांनी तर दोनदा. तेवढ्यात कॅप्टन कुठे गेले ते कोणी पाहिलं नाही. टोपी मात्र राहिली. तिच्यात आता विनीची कोंबडी अंडी घालते.

बुश झिजला होताच. यूलाने बोट वर काढून तो बदलला, पण चकत्या जुळवल्या त्या बोट दोन दिवस पाण्यात राहिल्यावरच. "कोरड्यावर बोट वेगळी बसते, पाण्यात वेगळी," ती म्हणाली. "जमिनीवर जुळवलेला शाफ्ट पाण्यात खोटा ठरतो."

जुलैत दोघी बहिणी निघाल्या. बोट चर्चसमोरून जाताना पुन्हा तो आवाज आला. ऊंऽऽ ठक. विनीच्या हातातला पाव पडला. पिछाडीला व्हर्ना उभी होती, तारेच्या चाकावर हात ठेवून, हसून हसून दुमडलेली.

"सासूबाईंचा निरोप घेतेय," ती ओरडली.

"बुश झिजेल, बावळट," यूलाने धक्क्यावरून सुनावलं.

मी जन्मभर थापा मारल्या, पण थापेच्या मोबदल्यात कोणाची बोट मागितली नाही. म्हणून माझं एवढं ऐका. चमत्कार दिसला तर खुशाल बघा, टाळ्याही वाजवा. पण सही करण्याआधी गिअर काढून बघा, फट मोजून बघा. आणि आकाशाकडे गेलेल्या हाताकडे बघत बसू नका. दुसरा कुठे आहे, ते विचारा.