एकशे चौदा

इंग्रजीच्या तासाला मी मुलांना सांगायचो, ‘नंबर’ या शब्दाचे अर्थ पाठ करू नका, तुमच्या आया तो दिवसातून दहा वेळा वापरतात. बहात्तरच्या दुष्काळात पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली, शाळा ओस पडली, आणि मला, आमोस मास्तरला, मिरजगावजवळच्या खाणीवर हजेरी घ्यायला बसवलं.

तिथं राहीबाई नावाच्या म्हातारीनं माझीच शिकवणी घेतली.

“मास्तर, सायबाच्या भाषंत शब्दांचाबी दुष्काळ हाय का वो? जमिनीला नंबर, रेशनच्या रांगंत नंबर, डोळं तपासलं तर चष्म्याचा नंबर, अन् हितं खडी फोडायलाबी नंबरच!”

“अजून एक आहे, आजी. परीक्षेत पहिला आला की नंबर आला म्हणतात.”

“त्यो आमच्यात कुनाचा येत न्हाई,” म्हणून ती हसली.

खरं तर मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, राहीबाई नव्हतीच. एकशे चौदा नंबर तिच्या सुनेचा, छबूबाईचा. सून पहिल्या बाळंतपणाला काष्टीला माहेरी गेली होती. तीन दिवस खाडा पडला की नाव कापून दुसऱ्याचं चढवायचे, म्हणून बायका एकमेकींचे नंबर धरून ठेवत. जाऊ जावेचा, सासू सुनेचा. राहीबाईचा मुलगा काम शोधायला गेला तो परतलाच नव्हता. बाळंतीण आल्यावर तिच्या पोटाला या एका नंबराचाच आधार होता. मी ‘छबूबाई’ पुकारायचो, म्हातारी ‘हजर’ म्हणायची. फार पुण्य करतोय असं वाटायचं मला. मूर्ख कुठला!

मार्चमध्ये एका दुपारी जीप आली. साहेब मस्टर हातात घेऊन नंबरवार माणसं बघणार होते. बाविशीच्या बाईच्या जागी साठीची म्हातारी सापडली असती तर तिचा नंबर जाणार होता, आणि माझी नोकरी. खोटं कशाला बोलू, मला नोकरी आधी आठवली.

“आजी, खाणीच्या त्या कडेखाली जाऊन बसा. साहेब गेले की हाक मारतो.”

तिथला मुरूम भुसभुशीत झालाय हे सगळ्यांना माहीत होतं. तिकडं कुणी फिरकत नव्हतं, म्हणून तर मी तिला तिथं धाडलं.

“एकशे चौदा?” साहेबांनी विचारलं.

“पाणी प्यायला गेलीय,” मी म्हणालो, आणि तेवढ्यात कड ढासळली.

तिला उकरून काढायला अर्धा तास लागला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. साहेबांनी पंचनाम्यासाठी नाव विचारलं. बायका माझ्याकडं बघत होत्या. मी मस्टरवर बोट ठेवलं: छबूबाई. कुणी हूं की चूं केलं नाही. त्यांच्यातली निम्मी बायामाणसं दुसऱ्याच्याच नंबरावर बसली होती.

सव्वा महिन्याचं बाळ घेऊन छबूबाई आली. सासूच्या मातीलाही तिला येता आलं नव्हतं.

“मास्तर, माजा नंबर?”

तिच्या नावापुढं ‘मयत’ लिहिलेलं होतं. ते खोडायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि तेवढी छाती माझ्यात नव्हती. मी नवा नंबर काढला, एकशे एकसष्ट, आणि त्यापुढं कागदावर जिवंत असलेल्या बाईचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पुकारलं, “राहीबाई!”

ती पुढ्यातच उभी होती. सासूचं नाव तिनं कधी तोंडानंसुद्धा घेतलं नव्हतं, आणि आता त्या नावाला ओ द्यायची होती. पदर डोक्यावर ओढून ती टेबलापाशी आली.

“आत्याबाईंचं नाव नका घेऊ, मास्तर. नुसता नंबर पुकारा. मी हजर म्हनीन.”

त्या दिवसापासून मी कुणाचंच नाव घेतलं नाही, नंबर पुकारत गेलो. एकशे तेरा झाला की एकशे पंधरा म्हणायचो.